बाळ बाहेर कोणी न्यायचं

मी एकदा एका आजीचा नातू दुसऱ्याच आजीच्या मांडीवर ठेवून आले होते. हसलात ना? हसा. एवढा भाग मी घरात कित्येकदा सांगितला आहे. दिवाळीच्या फराळावर सांगितला, सुनेच्या माहेरच्यांना सांगितला, नातवंडं तर आता स्वतःच मागतात — "आजी, ती अदलाबदलीची गोष्ट सांग ना." मी सांगते. दोन्ही म्हाताऱ्यांचे आवाज काढून, डोक्यावर पदर घेऊन, नाक उडवून. सगळे पोट धरून हसतात. मीही हसते.

पण त्या गोष्टीतून मी दरवेळी एक बाई गाळते. तिला गाळलं की गोष्ट हलकी होते, चिवड्यासोबत खपते. ती बाई आत ठेवून ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही — तो बिचारा मला चांगली बाई समजत समजत गेला. आज तुम्हाला सांगते. का? ठाऊक नाही. तोंडात खवट शेंगदाणा आला की माणूस पाहुण्यांसमोरसुद्धा थुंकतो, तसंच काहीसं म्हणा.

तेव्हा मी नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होते. त्या काळची कुसुम तुम्ही पाहायला हवी होती! टोपी अशी पिना मारून बसवलेली की वादळ आलं तर डोकं जाईल, टोपी जाणार नाही. बुटांचा आवाज मुद्दाम काढत चालायची. आरसा दिसला की थांबायची, औषधाच्या कपाटाच्या काचेतसुद्धा स्वतःला बघायची. आणि स्वतःला काय समजायची? सुधारलेली. पुढारलेली. माझ्या माहेरी शेताशिवाय दुसरी गोष्ट नव्हती, आणि मी तिथून निघून शिकले, नोकरीला लागले, म्हणजे मी जात-पात मागे टाकूनच आले — असा त्या बयेचा समज. बया ती!

आम्ही लेबर रूमला चौघी चार तऱ्हेच्या होतो. मेट्रन अन्नम्मा मॅडम केरळच्या. दुर्गा छत्तीसगडकडची, हिंदी बोलणारी, घाबरट. मी. आणि प्रमिला, नागपूरचीच, आमच्यात सगळ्यात लहान. माझं आडनाव मी इथे सांगत नाही. प्रमिलाचंही नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच मनात हिशोब मांडाल — मांडाल की नाही? आपल्याकडे आडनाव म्हणजे अर्धी कुंडली. प्रमिलाबद्दल एवढंच सांगते, की दसऱ्याला ती हटकून सुट्टी मागायची, दीक्षाभूमीवर जायला. पांढरी साडी नेसून घरच्या सगळ्यांसोबत. समजलं ना? आम्हालाही तेवढ्यानंच समजत असे.

आता तुम्हाला वाटलं असेल की वेगळ्या कपाची गोष्ट येणार. नाही हो. कप एकच होते. डबे आम्ही एकत्र खायचो, प्रमिलाच्या डब्यातली वांग्याची भाजी तर मीच आधी ओढायची. बाहेरचं कोणी आलं की मी मान वर करून सांगायची — आमच्यात असलं काही नाही! आणि ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच तर मला इतकी वर्षं स्वतःचा वास आला नाही.

तर गोष्ट बाळ बाहेर नेण्याची.

लेबर रूमचं दार उघडतं, सिस्टर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर येते, आईचं नाव पुकारते आणि बाळ आजीच्या हाती देते. सगळ्या दवाखान्यात आमची एवढीच काय ती चैन होती. बाकी दिवसभर रक्त, घाम, आरडाओरडा. पण त्या दारात तुम्ही देव असता. म्हाताऱ्या पाया पडतात, बाप्ये रडतात, कोणी हातात पेढे ठेवतं. साधा नियम असा, की जिनं बाळंतपण केलं तिनं बाळ बाहेर न्यायचं. म्हणजे तो नियम होता — कुसुमबाईंनी मोडेपर्यंत.

एकदा प्रमिला बाळ घेऊन बाहेर गेली. मी मागे उभी होते. म्हातारीनं हात पुढे केले, मग जरा थांबून विचारलं, "आडनाव काय वं बाई तुमचं?" आमच्याकडे हा प्रश्न "पाणी देऊ का" इतक्या सहज विचारतात. प्रमिलानं ताडकन सांगितलं. म्हातारीनं बाळ घेतलं, पण चेहरा असा झाला, जसं कोणी दुधात लिंबू पिळावं. झालं एवढंच. कोणी तक्रार केली नाही, कोणी भांडलं नाही. प्रमिला आत येऊन हातमोजे काढत म्हणाली, "बुडीले वाटलं, बाळासंगं मीबी घरी येऊन राहिली का काय!" आणि खदखदून हसली. तिचं हसणं मोठं होतं, पार वॉर्डाच्या टोकापर्यंत जायचं. मला ते आवडत नसे.

दुसऱ्याच दिवशी मी तिला म्हटलं, "प्रमिला, तू आतलं बघत जा. बाळ मी बाहेर नेत जाईन. कशाला तुला उगाच कोणाचं ऐकून घ्यायचं?"

किती माया! किती काळजी! ऐकताय ना? तिचा अपमान होऊ नये म्हणून मी तिचा अपमान रोजचाच करून टाकला. प्रमिलानं माझ्याकडे पाहिलं, नळ सोडला आणि म्हणाली, "नेऊन टाका. मले तसेही हात धुवाचे हायेत." आणि मी ते संमती म्हणून घेतलं. मी तेव्हा काहीही संमती म्हणून घ्यायची.

पण खरंच तिच्यासाठी होतं का ते? नाही. मला ते दार हवं होतं. तिनं घाम गाळायचा, तिनं आईचा हात धरायचा, तिच्या मनगटावर नखांचे ओरखडे उठायचे, आणि मी पाच मिनिटं आधी येऊन, टोपी नीट करून, आयतं गुंडाळलेलं बाळ उचलून बाहेर जायची — पाया पडून घ्यायला! आणि पडणाऱ्यांना मी "असू द्या, असू द्या" म्हणायची, म्हणजे जणू कळा मलाच आल्या होत्या. शी.

दुर्गा हे बघत होती. तिला बाळ बाहेर न्यायला मी कधी अडवलं नाही. अन्नम्मा मॅडमनाही अर्थात नाही. त्यांच्या आडनावावरून लोकांना काही थांगच लागत नसे. केरळची सिस्टर म्हटलं की म्हाताऱ्या हात जोडायच्या. म्हणजे परक्या मुलखातून आलेली चालत होती, आणि याच गावात जन्मलेली दारापर्यंत जाऊ शकत नव्हती. हे मला तेव्हा दिसलं नाही का? दिसलं. मी सोयीचं म्हणून पाहिलं.

आता ती दुपार. उन्हाळा होता. कूलर नुसते घुरघुरत होते, वारा गरमच. आत दोन बाया होत्या. एक काटोलकडच्या खेड्यातली, एसटीनं आलेली. दुसरी धरमपेठेतली, घरच्या गाडीनं. बाहेर बाकावर धरमपेठेची सासू बसली होती. सुती साडी, मोत्याच्या कुड्या, गोरीपान. आणि भिंतीशी खाली, फरशीच्या गारव्याला काटोलची सासू. हिरवं लुगडं, कमरेच्या पिशवीत ऊन लागू नये म्हणून कांदा.

काटोलवालीची आधी सुटका झाली. मुलगा. प्रमिलानंच केलं सगळं, अवघड होतं, नाळ मानेभोवती होती. मी आत आले तेव्हा ती घामानं निथळत होती, नाळेमागची वार अजून पडायची होती, ती टाकायची बालटी पायाशी होती. तिनं मानेनंच दुपट्याकडे खूण केली आणि म्हणाली, "काटोलवालीचा पोरगा. सासू बाहेर हाय, हिरव्या लुगड्याची." स्पष्ट. दुर्गा शेजारीच उभी होती. बाळाच्या मनगटाला पट्टी होती, पट्टीवर आईचं नाव होतं. मी ते नाव वाचलं नाही, बाहेर जाऊन पुकारलंही नाही.

कारण बाळ गोरं होतं.

एवढंच. बाळ गोरं होतं, गुलाबी होतं, डोक्यावर भरगच्च जावळ. मी दारातून बाहेर आले, समोर ती गोरी बाई उठून उभी राहिली, आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले. खाली बसलेल्या काळ्यासावळ्या म्हातारीकडे माझी नजरसुद्धा गेली नाही. गोरं बाळ म्हणजे गोऱ्या लोकांचं — माझी बुद्धी एवढी साधी होती. "अभिनंदन, नातू झाला!" म्हणून मी बाळ तिच्या हाती दिलंसुद्धा.

आणि तिनं पर्समधून मधाची बाटली काढली. आम्ही बाळांना मध चाटवू द्यायचो नाही, पण आज्या कुठे ऐकतात? जी पहिल्यांदा मध चाटवते तिचे गुण बाळात उतरतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. तिनं बोट बुडवलं, बाळाच्या जिभेला लावलं. बाळ मचमच करायला लागलं. हिरवं लुगडं खालून हे सगळं कौतुकानं बघत होतं! दुसऱ्याच्या घरचं सुख म्हणून.

तेवढ्यात प्रमिला दारात आली. आतल्या बाईनं विचारलं असणार, सासूनं पाहिलं का म्हणून. मोजे तसेच हातात, रक्तानं भरलेले. तिनं समोरचं दृश्य पाहिलं आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात ओरडली, "ओ सिस्टर! तिकडं कायले देऊन राहिल्या? थो काटोलवाल्यायचा हाय!"

मग जो गोंधळ झाला, त्यावर माझी नातवंडं हसतात. हिरव्या लुगड्याची म्हातारी कमरेवर हात ठेवून उठली. "अवं बाई! आमचा नातू? अन् मध ह्या बाईनं चाटवला? आता हा पोरगा जलमभर नाक वर करून चालन, बाप्पा! वावरात कोन जाईन?" धरमपेठेची म्हणाली, "हा काय चावटपणा आहे? आम्हाला का म्हणून दिलं मग?" आणि बाळ असं पुढे धरलं, जसं तापलेलं पातेलं. इथे मी नेहमी गोष्ट थांबवते. सगळे हसत असतात. चहा येतो.

थांबायचं नाही म्हणून तर बसले आहे आज. तर —

अन्नम्मा मॅडम आल्या. त्यांचं मराठी मोडकं, हिंदीही मोडकं. वॉर्डातल्या आम्ही चारपाच जुन्या सिस्टर ठरवू तसं त्यांना चालावं लागे, हे त्यांना आणि आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी मला विचारलं, "कुसुम, ये कैसे हुआ?"

आणि मी म्हटलं, "मॅडम, प्रमिलानं मला धरमपेठवाल्यांचं म्हणूनच दिलं."

किती सहज आलं ते! अडखळले नाही, घाम आला नाही. जणू ते वाक्य माझ्या टोपीखाली केव्हापासून पिना मारून ठेवलं होतं. प्रमिला म्हणाली, "मी? मी असं म्हटलं?" दुर्गाकडे वळली. दुर्गानं खाली पाहिलं. फरशी एवढी बघण्यासारखी नव्हती हो.

हे खोटं म्हणजे माझी कबुली, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं. घाबरले, खोटं बोलले, माणूस बोलतो. पण खरी कबुली त्यानंतरची आहे.

धरमपेठेच्या बाईनं प्रमिलाच्या मोज्यांकडे पाहून विचारलं, "कोण आहे ही?"

काय उत्तर होतं याचं? "सिस्टर आहे." बस्स. फार तर "प्रमिला सिस्टर." मी काय सांगितलं? मी तिचं आडनाव सांगितलं. नुसतं आडनाव. सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून, जसं बहिऱ्या माणसाला औषधाचं नाव सांगावं तसं. कोणी मागितलं नव्हतं. मला माहीत होतं त्यानं काय होईल — आणि तेच झालं. ती बाई "हं" म्हणाली. बाकावरचे दोघे-तिघे एकमेकांकडे पाहून "हं" म्हणाले. आणि सगळ्यांना एकदम पटलं. आता कोणी काही विचारणार नव्हतं. चूक कोणाची, कशी, पट्टी कोणी वाचली नाही — सगळं त्या एका आडनावात मिटलं. धरमपेठेच्या बाईनं मधाचं बोट रुमालाला पुसलं. पुन्हा पुसलं.

काटोलची म्हातारी तेवढी नातवाला छातीशी धरून म्हणाली, "कोनीबी काढला असो नं! पोरगा धड हाय का नाही, थे सांगा." पण तिच्याकडे कोण लक्ष देतो? ती फरशीवरची.

मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला, बाजूला घेऊन. "डिलिवरी प्रमिला किया. तो बेबी तुम क्यों बाहर लाया?" बाईंना बरोबर जागा सापडली होती. मी म्हटलं, "इथले लोक तसेच आहेत मॅडम. तुम्हाला नाही समजणार." आणि त्या गप्प बसल्या. परक्या मुलखातल्या माणसाला गप्प करायला याहून स्वस्त वाक्य नाही. लोक तसे होते का? त्या लोकांत मी कुठे होते?

प्रमिलाची नेमणूक तेव्हा कच्ची होती. तिला लेबर रूममध्येच पक्कं व्हायचं होतं, तिनं तसं मागितलंही होतं, मॅडमनी मानही डोलावली होती. दुसऱ्या सिस्टरांसारखी ती कधी बदली मागत नसे. तिला दुसरं काही करायचंच नव्हतं. त्या आठवड्यात तिला औजारं उकळायच्या खोलीत टाकलं. तिथे कात्र्या, चिमटे, वाफ. माणूस नाही, बाळ नाही. मी तिला जिन्यात भेटायची तेव्हा विचारायची, "कशी आहेस प्रमिला? बरं चाललंय ना?" विचारायची मी! गोड आवाजात! ती म्हणायची, "हो सिस्टर." पुढे तिनं नोकरी सोडली. कुठल्याशा खाजगी दवाखान्यात लागली म्हणे, तिथेही लेबर रूम मिळाली नाही. इथून कोणीतरी सांगितलं होतं, की पोरगी बेफिकीर आहे, बाळं बदलते.

कोणीतरी म्हणजे मी नाही. पण ते वाक्य माझ्याच घरचं होतं, ते मला ओळखू येत होतं.

मी पक्की होतेच, पुढे इन्चार्ज झाले. निवृत्तीच्या दिवशी भाषणात कोणी म्हणालं, कुसुमताईंनी वॉर्डात कधी भेदभाव होऊ दिला नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असतील, सांगता येत नाही. हार हातात होता.

आता मनीषनगरात मुलाकडे असते. मागच्या हिवाळ्यात निरोप आला, अन्नम्मा मॅडम गेल्या. त्यांच्या प्रार्थनेला आम्ही जुन्या सगळ्या जमलो. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये चहा होता, केक होता. दुर्गा भेटली, माझ्या गळ्यात पडून रडली, तिला आता नीट दिसत नाही. आणि खिडकीशी प्रमिला उभी होती. केस पांढरे, चष्मा, हातात केकची बशी. चवीनं खात होती. हसली कोणाशी तरी, तर तोच आवाज, हॉलच्या टोकापर्यंत.

मी गेले. का गेले? हलकं व्हायला, दुसरं काय. या वयात माणसाला प्रत्येकाकडून काहीतरी मोकळं करून घ्यायचं असतं. मी म्हटलं, "प्रमिला, त्या दिवशी मी खोटं बोलले होते. तू मला बरोबर सांगितलं होतंस."

"मालूम हाय," ती म्हणाली. "मीच तर सांगितलं होतं."

मी म्हटलं, "तुझा राग अजून असेल."

तिनं बशीतला शेवटचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, बोटं पुसली. मग माझ्याकडे पाहून, आवाज न चढवता, ती जे म्हणाली ते शब्दाला शब्द असं:

"राग कायचा, सिस्टर? तुमी बाळ देऊन आत याच्या तवा लोकायनं दिलेल्यातला एक पेढा माह्यासाठी आनत जाच्या, अन् 'घे वं, तुहाच हाय' म्हनत जाच्या. थो मी कधीच नाही खाल्ला. तुमची पाठ फिरली का वारेच्या बालटीत टाकत होती. मले घिन येत होती तुमची."